शेवटपर्यंत जाणारं इंजिन

आमच्या गाळ्यात येणारी माणसं दोन प्रकारची असायची. पहिल्या प्रकारातल्या माणसाची गाडी चालत नसायची. दुसऱ्या प्रकारातल्या माणसाची गाडी व्यवस्थित चालायची, पण तेवढ्यावर त्याचं समाधान होत नसायचं. पहिल्यांवर आमचं घर चाललं आणि दुसऱ्यांवर आमची करमणूक झाली. गाळा बंद होऊन आता बरीच वर्षं झाली, आमचं लेथ शेवटी कोणी नेलं हेही मला आठवत नाही. पण जुन्या गोष्टी काढायला बसलो की डोळ्यांपुढे येतात ते सगळे दुसऱ्या प्रकारातलेच.

घाटकोपरचे एक दातांचे डॉक्टर होते. त्यांना आपल्या स्कूटरचा आवाज शर्यतीच्या मोटरसायकलसारखा हवा होता, पण फक्त सोसायटीच्या गेटपासून जिन्यापर्यंत. दवाखान्यापाशी आवाज झाला तर पेशंट घाबरतात, असं त्यांचं म्हणणं. आम्ही सायलेन्सरमध्ये एक झडप बसवून तिची तार हँडलपर्यंत आणून दिली. गेट आलं की डॉक्टर तार ओढायचे. दुसरे एक बोरिवलीचे गृहस्थ दर दसऱ्याच्या आधी आपली ठणठणीत मोटरसायकल घेऊन यायचे आणि इंजिन पूर्ण उघडायला लावायचे. स्टुलावर बसून सगळे भाग नीट बघायचे, "सगळं आहे ना जागेवर?" असं विचारायचे, आणि पुन्हा जुळवून घेऊन समाधानाने घरी जायचे. देवघर आवरावं तशी त्यांची ती पद्धत होती. आम्ही कधी हसलो नाही. म्हणजे, ते समोर असेपर्यंत हसलो नाही.

गाळा अंधेरी पूर्वेला होता, साकीनाक्याच्या अलीकडे, ऐंशीच्या दशकात. एका बाजूला बटणांचा कारखाना आणि दुसऱ्या बाजूला गणपतीचे मूर्तिकार. गाळ्यात आम्ही दोघं: मी आणि बाबल भावोजी. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे मालवणकडचे, गिरणीच्या वर्कशॉपमध्ये टर्नर होते, म्हणजे लेथवर लोखंड तासणारे. गिरणीचं काम सुटलं तेव्हा मी नुकताच स्वतःचा गाळा घ्यायच्या खटपटीत होतो. ताई म्हणाली, ह्यांना घरी बसवलंस तर माझं डोकं फिरेल, तू घेऊन जा. तेव्हापासून लेथ भावोजींचं आणि इंजिन उघडणं-जुळवणं माझं. आमचं भांडण रोज व्हायचं आणि डबा रोज एकत्र खाल्ला जायचा.

भांडणं मिटवायला आम्ही एक रिवाज पाडला होता. इंजिनात कसला भाग घालायचा यावर वाद झाला तर ज्याचं म्हणणं चालेल, त्याने पहिली किक मारायची. ऐकायला हे मानाचं वाटेल. पण शर्यतीसाठी बांधलेलं मोठं एक-सिलिंडरी इंजिन पहिल्यांदा चालू करताना काही चुकलं असेल तर ते किक उलटी मारतं, आणि ती मारणाऱ्याच्या पायावर बसते. माझा उजवा घोटा थंडीत अजूनही ठणकतो. या रिवाजाचा फायदा असा की उगाच हट्टाला पेटणं बंद झालं. बोलायच्या आधी माणूस आपल्या पायाचा विचार करायचा.

अशा गाळ्यात एके दिवशी श्रीकांत आला.

श्रीकांत मुलुंडला राहायचा, टेलिफोन खात्यात नोकरी करायचा आणि वर्षातून एकदा मद्रासजवळच्या विमानांच्या एका जुन्या धावपट्टीवर मोटरसायकलच्या शर्यतीत उतरायचा. पोरगा चालवायचा झकास. हे मी त्याच्या तोंडून ऐकलेलं नाही, त्याच्याविरुद्ध धावणाऱ्यांकडून ऐकलेलं आहे. सुरुवातीला तो सगळ्यांच्या पुढे असायचा, अर्ध्यापर्यंत पुढे असायचा, आणि शेवटच्या काही फेऱ्या उरल्या की त्याचं इंजिन फुटायचं. एकही शर्यत त्याने कधी पुरी केली नव्हती. प्रत्येक वर्षीचा फुटका पिस्टन तो घरी नेऊन ठेवायचा.

पहिल्या भेटीत तो बराच वेळ बोलला. ऑइल वाईट होतं, वारा उलटा होता, पेट्रोलमध्ये भेसळ होती. भावोजी लेथवरून मान वर न करता ऐकत होते. त्याच्यासोबत त्याची बायको आली होती, सुनंदावहिनी. त्या मुलुंडच्याच एका शाळेत पीटी शिकवायच्या, कॉलेजात असताना खो-खो खेळलेल्या. पिशवीतून त्यांनी एकेक करून फुटके पिस्टन काढले आणि टेबलावर मांडले. एकात पेन ठेवल्याचे शाईचे डाग होते.

"सदाभाऊ, मला यातलं काही कळत नाही," त्या म्हणाल्या. "लग्नाच्या आधी यांनी मला शब्द दिलाय. एक शर्यत पुरी करतो, मग रेसिंग बंद. हे हरले असते तर मी केव्हाच सोडवलं असतं. पण हे हरतही नाहीत. गाडीच मध्ये बंद पडते, आणि मग म्हणतात, पुरी कुठे झाली? तुम्ही असं इंजिन बनवा की ते शेवटपर्यंत जाईल. पहिला नंबर नको मला."

श्रीकांत तोंड पाडून उभा होता. त्याला पहिला नंबर हवा होता हे उघड होतं. पण शब्द दिला होता तो खराच, नाकारत नव्हता. नंतर तो चहा सांगायला बाहेर गेला तेव्हा वहिनींनी आवाज खाली आणून सांगितलं की शर्यतीच्या दिवशी त्या शेजाऱ्यांच्या फोनपाशी बसून असतात. फोन वाजला नाही तरी भीती आणि वाजला तरी भीती. इंजिन फुटलं एवढंच कळलं की त्यांना आनंद होतो, आणि मग पुन्हा एक वर्ष वाढलं म्हणून रडू येतं. गाडी जोरात पळेल अशी करून द्या म्हणणारी गिऱ्हाइकं मला ठाऊक होती. नवऱ्याचा छंद संपावा म्हणून चांगलं इंजिन मागणारं गिऱ्हाईक पहिलंच होतं.

आता इंजिन का फुटत होतं ते सांगतो. ज्यांनी कधी इंजिन उघडलेलं पाहिलं नाही त्यांनाही समजेल, फार अवघड नाही.

सिलिंडरच्या नळीत पिस्टन वरखाली होतो, सायकलच्या पंपातल्या दांड्यासारखा. पिस्टनला मधोमध एक आडवी पिन असते. त्या पिनेत रॉड अडकवलेला असतो, आणि रॉडचं खालचं टोक फिरणाऱ्या क्रँकला. पिस्टन जेवढा वरखाली जातो तो त्याचा स्ट्रोक. इंजिनाची ताकद वाढवायची तर एक तर नळी रुंद करा, नाही तर स्ट्रोक लांब करा. श्रीकांतचा सिलिंडर आधीच इतक्यांदा बोअर झाला होता, म्हणजे आतून तासून रुंद केला होता, की भिंत आणखी पातळ केली असती तर चिरली असती. म्हणून त्याच्या आधीच्या मिस्त्रीने स्ट्रोक लांब केला होता. इथवर ठीक.

पण सिलिंडरची उंची ठरलेली असते. दहा बाय दहाच्या खोलीत तीन बिऱ्हाडं राहावीत तशी त्या उंचीत तीन मापं राहतात: अर्धा स्ट्रोक, रॉडची लांबी, आणि पिनेपासून पिस्टनच्या डोक्यापर्यंतचं अंतर. एकाने हातपाय पसरले की दुसऱ्याने आवरून घ्यायचं. त्या मिस्त्रीने स्ट्रोक वाढवला, रॉड मूळचाच ठेवला, आणि सगळी वाढ पिस्टनला कापून भागवली. वरून डोकं तासलं. खाली पिस्टनचा जो घेर असतो, ज्याला आम्ही स्कर्टच म्हणतो, तोही क्रँकला लागेल म्हणून छाटून टाकला. शिवाय स्ट्रोक लांब आणि रॉड त्या मानाने आखूड असला की रॉड फार तिरका होतो. हातगाडी मागून सरळ ढकलली तर पुढे जाते. कोपऱ्यातून ढकलली तर अर्धा जोर तिला फुटपाथवर चढवण्यातच जातो. तसा तो रॉड पिस्टनला भिंतीवर दाबत होता, आणि पिस्टनला टेकायला स्कर्ट उरलेला नव्हता. बिचारा डुगडुगत, घासत, तापत शेवटच्या फेऱ्यांपर्यंत यायचा आणि तिथे त्याचा जीव जायचा.

माझं म्हणणं, लांब रॉड घालू. रॉड लांब असला की सरळ राहतो आणि पिस्टनला भिंतीवर कमी दाबतो. भावोजी म्हणाले, मूळचाच रॉड ठेव, पिस्टन तेवढा धड घाल, सिलिंडरखाली पट्टी घालून तो वर उचल.

"रॉड लांब केलंस तर पिन वर सरकतली आणि रिंगेच्या खाचीत घुसतली," ते म्हणाले. "मगे त्या पिस्टनाक बसाक जागा खंय आसा, ता माका सांग."

त्यांचं चूक नव्हतं. पिस्टनच्या वरच्या भागात, वायू निसटू नये म्हणून घातलेल्या रिंगांच्या खाचा असतात, आणि रॉड लांब झाला की पिन त्यांच्याजवळ जाते. शिवाय लांब रॉडचं इंजिन खालच्या वेगात जरा आळशी असतं. पिस्टन वरच्या टोकाला थोडा जास्त रेंगाळतो, आणि सुरुवातीला पहिल्यासारखी उडी मारत नाही. श्रीकांतचा सगळा रुबाब त्या उडीवर होता. त्याला हे सांगितलं तेव्हा तो भावोजींच्या पक्षात गेला. बाजूचे मूर्तिकार येऊन बसले, त्यांनाही सगळं समजावून सांगावं लागलं, आणि ते माझ्या पक्षात आले, कारण उभ्या मूर्तीच्या आतला आधार सरळच असावा लागतो म्हणे. रॉडच्या लांबीवरून गाळ्यात पक्ष पडले होते.

शेवटी वहिनींनी भावोजींना सरळ विचारलं, यातलं कुठलं शेवटपर्यंत जाईल?

भावोजी खूप वेळ पिस्टन हातात घेऊन फिरवत राहिले. हा माणूस माझ्याशी वाद घालताना वाटेल ते बोलायचा, पण कामाबद्दल दुसऱ्या कोणी विचारलं तर खोटं बोलणं त्याला जमायचं नाही. म्हणाले, लांब रॉडाचा जातला. पण पिस्टन तसा मिळाक होयो.

"मग लांबच घाला," वहिनी म्हणाल्या. श्रीकांतने छताकडे बघितलं. विषय संपला.

त्यानंतर मी आणि भावोजी कुर्ल्याच्या भंगारात जायला लागलो. आजकाल काय, माप सांगितलं की हवा तसा पिस्टन घडवून मिळतो म्हणतात. तेव्हा आमच्यासारख्यांनी मागून कोण घडवणार? जगातल्या सगळ्या गाड्यांचे पिस्टन कुर्ल्यात येऊन पडतात आणि त्यातला एक आपला असतो, या श्रद्धेवर आमचा धंदा चालायचा. खिशात मापाची कॅलिपर ठेवायची, ढिगापाशी उकिडवं बसायचं आणि पिस्टन उचलून बघत राहायचं. दुकानदार कंटाळायचे. एकाने तर आम्हाला बघून दुकानच्या दुकान ताडपत्रीने झाकलं होतं.

रॉड आधी मिळाले. लष्कराच्या लिलावातून आलेल्या जुन्या विलायती मोटरसायकलींचे, मूळच्यापेक्षा चांगले लांब, आणि वजनाला हलके. तीन घेतले. रॉडमध्ये डोळ्यांना न दिसणारी चीर असू शकते, आणि शर्यतीत रॉड तुटला तर तो इंजिन फोडून बाहेर येतो. चालवणाऱ्याचा पाय तिथेच असतो. म्हणून ते रॉकेलमध्ये भिजत ठेवायचे, कोरडे पुसायचे आणि वर खडूची बारीक पूड लावायची. कुठे चीर असेल तर तिच्यात शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. पहिल्या रॉडवर रेघ आली. दुसऱ्यावर आली, केसाएवढी, अगदी मानेजवळ. तिसऱ्याकडे आम्ही दोघं आणि श्रीकांत असे बघत बसलो होतो की बटणाच्या कारखान्यातला माणूस आत येऊन, कोणी गेलं का, असं विचारून गेला. तिसरा पांढराच राहिला. भावोजींनी तो उचलून कपाळाला लावला, आणि मग दोन दिवस बारीक पॉलिशपेपरने उभा-उभा घासला. आडवा ओरखडा राहिला तर पुढे तिथूनच चीर सुरू होते.

पिस्टनने मात्र घाम काढला. व्यास जमला तर पिन खाली. पिन वर असली तर डोकं पातळ. एक दिवस भावोजी एकटेच गेले आणि संध्याकाळी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी टेबलावर ठेवून हात धुवायला निघून गेले. मी उलगडलं. कुठल्या तरी जुन्या इंग्लिश मोटारीचा पिस्टन होता. पिन छान वर, रिंगांच्या अगदी खाली, पण खाचेत न घुसणारी. डोकं जाडजूड, त्यामुळे तासायला वाव. आणि स्कर्ट पूर्ण. वाद हरूनही माझ्या बाजूचा भाग शोधायला भावोजी महिनाभर ढीग उपसत होते, आणि मी शाबासकी दिली तर म्हणाले, मेल्या, चाय सांग.

मग भावोजींच्या सूचनेतलं अर्धं आम्ही घेतलंच. सिलिंडरखाली अॅल्युमिनियमची पट्टी घातली आणि तो थोडा वर उचलला, म्हणजे खोलीची उंची जरा वाढली. फार वाढवता येत नव्हती, कारण वर टाकीखालचा दांडा येतो. इंजिनाचं डोकं आणि तो दांडा यांच्यात भावोजींची करंगळी जायला हवी, एवढं आम्ही ठरवलं. व्हॉल्व्ह, म्हणजे वरच्या झडपा, उघडताना लागू नयेत म्हणून पिस्टनच्या डोक्यात खळगे करायचे होते. ते पुरेसे खोल झाले की नाही हे बघायला पिस्टनवर मऊ मातीचा थर देतात, इंजिन हाताने फिरवतात आणि उघडून माती कुठे किती दबली ते बघतात. माती अर्थात मूर्तिकारांकडची शाडू. इंजिनातून बाहेर आलेल्या मातीवर व्हॉल्व्हचे दोन गोल ठसे बघून ते म्हणाले की गणपतीचे डोळेच उमटलेत, आता काळजी नाही.

इंजिन जुळवून झालं त्या रविवारी श्रीकांत आणि वहिनी दोघं आले. मी पँट वर खोचून पुढे झालो तर भावोजींनी मला अडवलं. म्हणाले, रिवाज काय आसा? कोणाचो शब्द चालतो, त्याची किक. हय शब्द कोणाचो चाललो?

मी म्हटलं, भावोजी, पाय मोडेल त्यांचा. पण वहिनींनी रिवाज समजावून घेतला, पदर कमरेला खोचला, चप्पल काढून श्रीकांतचा बूट पायात चढवला आणि गाडीवर उभ्या राहिल्या. पिस्टन वरच्या टोकाच्या जरा पुढे आणून ठेवायचा, मग सगळं वजन एकदम टाकायचं, हे मी त्यांना दाखवलं. पहिल्या किकला काही झालं नाही. दुसरीला खोकला आला. तिसरीला इंजिन धाडकन सुरू झालं, पत्र्याचं छप्पर थरथरलं आणि मूर्तिकार ब्रश घेऊनच बाहेर धावत आले. वहिनी गाडीवर बसून हसत होत्या. श्रीकांत त्यांच्याकडे कसा बघत होता ते मी बघितलं आणि दुसरीकडे तोंड केलं.

मद्रासला आम्ही सगळेच गेलो. फोनपाशी बसण्यापेक्षा समोर उभी राहते, असं वहिनी म्हणाल्या. गाडी रेल्वेच्या ब्रेकव्हॅनमधून आली. तिथे पोहोचून सकाळी इंजिन चालू केलं तर बाजूच्या तंबूतले मिस्त्री जमा झाले. आमचा पिस्टन थंड असताना सिलिंडरमध्ये खडखड वाजायचा, कारण मोटारीचा पिस्टन तापल्यावर किती फुगेल याचा आम्हाला पक्का अंदाज नव्हता आणि आम्ही त्याला जरा सैलच ठेवला होता. एक जण हिंदीत म्हणाला की यात खिळे टाकलेत का. भावोजी त्याला मालवणीत म्हणाले, "तापलो काय गप रवतलो." त्याला कळलं नाही, पण पिस्टन खरंच तापला आणि गप्प झाला.

शर्यत सुरू झाली आणि श्रीकांत मागे पडला. ती उडी गेली होती. दर वर्षी पहिल्या वळणावर पुढे दिसणारा माणूस घोळक्यात दिसेना, तेव्हा ओळखीचे लोक आमच्याकडे वळून बघायला लागले. माझी वाट लागली होती. भावोजी डोळे मिटून प्रत्येक फेरीत आपल्या इंजिनाचा आवाज तेवढा वेगळा काढून ऐकत होते. मग लांब सरळ पट्टीवर गाडी हळूहळू पुढे यायला लागली. एक मागे टाकला, मग दुसरा. वेग वाढला तसं इंजिन मोकळं झालं, आवाज एकसारखा, कुठे करकर नाही.

वहिनी शेवटच्या रेषेजवळ कठड्याला धरून उभ्या होत्या, आमच्यापासून लांब. ज्या सुमाराला दर वर्षी इंजिन फुटायचं तो सुमार आला तसे त्यांनी दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरला. मी धुराकडे बघत होतो. मागच्या चाकाशी धूर दिसला की संपलं. धूर आला नाही. पुढच्या फेरीतही आला नाही. मला एकदम जाणवलं की या माणसाने शर्यत पुरी केली तर आमच्या गाळ्यातला सगळ्यात चांगला चालवणारा माणूस आजच संपणार आहे. तरीही मी मनात म्हणत होतो, जा रे बाबा, जा.

काळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा पडला. श्रीकांत तिसरा आला.

मी भावोजींना मिठी मारली आणि सोडून बघतो तर गाडी थांबेना. शर्यत संपल्यावर बाकीचे सगळे सरळ बसले, वेग कमी करून हात हलवत चालले. हा मात्र टाकीवर छाती टेकवून पूर्ण वेगात पुढे. संपूर्ण पट्टी, सगळी वळणं, पहिल्या आणि दुसऱ्या नंबरवाल्यांना मागे टाकून हा एकटाच शर्यत धावतोय. लोक हसायला लागले. आयोजकांपैकी एक जाडजूड गृहस्थ लाल झेंडा घेऊन धावले. पूर्ण एक फेरी मारून श्रीकांत आला, इंजिन बंद केलं आणि उतरला. आयोजकांनी त्याला चांगलाच झापला, झेंडा दिसत नाही का म्हणून. तर हा म्हणाला, मी कधी जवळून बघितलाच नव्हता, साहेब. ते गृहस्थही हसले आणि तिसरा नंबर राहिला. वहिनी रडत होत्या आणि हसत होत्या, त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.

अंधेरीला परत आल्यावर आम्ही इंजिन उघडलं. पिस्टनच्या दोन्ही बाजूंना सारख्याच राखाडी, मऊ खुणा होत्या. कुठे ओरखडा नाही, कुठे चीर नाही. मी आयुष्यात बरीच सुंदर दृश्यं पाहिली, ताजमहालसुद्धा पाहिला, पण मला विचाराल तर तो पिस्टन. भावोजी म्हणाले, अजून दोन शर्यती धावतलो. पण त्या दोन शर्यती आता धावायच्या नव्हत्या.

श्रीकांतने शब्द पाळला. गाडीला आम्ही साधा सायलेन्सर आणि साधं हँडल बसवून दिलं, आणि तो तिच्यावरून टेलिफोन एक्स्चेंजला जायला लागला. दुसऱ्या वर्षी मोसम आला तेव्हा मी त्याला एकदा सहज विचारून पाहिलं. तो नुसता हसला. आमच्याकडे नंतर पुष्कळ पोरं आली, काही त्याच्यापेक्षा जास्त जिंकली. पण इंजिनाला काय हवं हे हाताला कळणारा तसा कोणी आला नाही, आणि लांब रॉडचं तसं इंजिन आम्ही पुन्हा बांधलं नाही.

झेंड्याची गोष्ट मात्र आम्ही पुरवून-पुरवून वापरली. गाळ्यात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचो: मुलुंडचा एक जण आहे, शर्यत संपली तरी त्याला पत्ताच नाही. श्रीकांत समोर असला तर तोही हसायचा, आणि वर स्वतःची भर घालायचा.

बऱ्याच वर्षांनी मी आणि भावोजी त्याच्याकडे मुलुंडला जेवायला गेलो होतो. त्यांच्या मुलाला पहिली नोकरी लागली होती. पानावर बसल्यावर मी नेहमीप्रमाणे त्या मुलाला झेंड्याची गोष्ट सांगायला घेतली. जाडजूड गृहस्थ लाल झेंडा घेऊन धावतात तिथपर्यंत आलो आणि वहिनी भात वाढता वाढता थांबल्या.

"त्यांना झेंडा दिसला होता," त्या म्हणाल्या.

श्रीकांतने मान वर केली.

"मी तिथे रेषेवरच उभी होते ना. झेंडा पडला आणि यांनी वेग कमी केला. मान वळवून माझ्याकडे बघितलं. आता पुन्हा हे नाही, हे त्यांनाही कळलं आणि मलाही कळलं. मग मीच हात केला. जा म्हटलं."

भावोजींनी घास हातातच धरला होता. मी म्हटलं, वहिनी, इतकी वर्षं आम्ही याला हसतोय, तुम्ही बोलला का नाहीत?

"शब्द शर्यत पुरी करायचा होता," त्या म्हणाल्या. "पुरी झाल्यानंतरच्या फेरीचं काही ठरलं नव्हतं. ती मी दिली त्यांना."

श्रीकांत मला म्हणाला, "सदा, त्या फेरीत ती गाडी जशी चालली ना यार, तशी आधी कधीच चालली नव्हती."

भावोजींनी घास खाली ठेवला, पंच्याने डोळे पुसले आणि वहिनींकडे वाटी पुढे केली.